विश्लेषण : वाळवंटात बारमाही, लडाखमध्ये दोन महिने… आइस हॉकी आहे तरी काय?

जून महिन्यात संयुक्त अरब अमिरातीतील अल ऐन या वाळवंटी शहरात पारा सहज चाळिशी ओलांडतो. २०२५ च्या जूनमध्ये याच शहरातील बंदिस्त रिंकमध्ये महिलांची आशिया चषक आइस हॉकी स्पर्धा झाली आणि भारतीय संघाने कांस्यपदक जिंकले. भारतीय संघातील बहुतेक खेळाडू लडाख आणि हिमाचल प्रदेशातील. जिथे हिवाळ्यात रात्रीचे तापमान उणे २० अंशांच्या आसपास जाते, तिथल्या खेळाडूंनी बर्फावर खेळण्यासाठी वाळवंटात जायचे, हे ऐकायला विचित्र वाटते. पण आइस हॉकीत आज थंडी कोणाकडे आहे यापेक्षा बर्फ वर्षभर टिकवण्याची सोय कोणाकडे आहे, याला महत्त्व आले आहे. हा खेळ नेमका काय आहे, तो भारतात कसा पोहोचला आणि पदकानंतरही त्याची अडचण का संपलेली नाही, याविषयी…

आपल्या हॉकीपेक्षा वेगळे काय?

नाव एकच असले तरी दोन्ही खेळांत साम्य कमी आणि फरक जास्त आहे. मैदानी हॉकीत एका संघाचे ११ खेळाडू असतात, आइस हॉकीत सहा : एक गोलरक्षक, दोन बचावपटू आणि तीन आघाडीपटू. मैदानी हॉकीत स्टिकची सपाट बाजूच वापरता येते, इथे दोन्ही बाजू चालतात. गोलजाळे १.८३ मीटर रुंद आणि १.२२ मीटर उंच, म्हणजे मैदानी हॉकीच्या गोलच्या बरोबर निम्म्या रुंदीचे. त्यातच गोलरक्षक पॅड, मोठे हातमोजे आणि छातीवरच्या कवचासह उभा असतो. त्यामुळे नवख्या प्रेक्षकाला पहिला प्रश्न पडतो तो हाच, की यात गोल होतो तरी कसा?

चेंडूऐवजी असते पक. कठीण केलेल्या रबराची ही चकती २.५४ सेंटिमीटर जाड, ७.६२ सेंटिमीटर व्यासाची आणि १५६ ते १७० ग्रॅम वजनाची असते. सामन्यापूर्वी ती गोठवून ठेवतात, कारण कोमट रबर बर्फावर उसळते. कॅरम खेळलेल्या कोणालाही पकचा स्वभाव लवकर कळेल. गुळगुळीत पृष्ठभाग, चपटा स्ट्रायकर आणि चारही बाजूंना कड. रिंकभोवती साधारण मीटरभर उंचीची फळी असते आणि तिच्यावर पारदर्शक काच. पक त्या फळीवर आपटून परत येते आणि खेळ सुरूच राहतो. फळीवर पक मारून सहकाऱ्याकडे पास देणे ही इथली रोजची युक्ती आहे. गोलच्या मागेही मोकळी जागा असते आणि तिथे जाऊनही खेळता येते. चेंडू बाहेर गेला म्हणून खेळ थांबण्याचे प्रसंग त्यामुळे कमी येतात.

वेगाचे काय? चांगला खेळाडू स्केट्सवर धावपटूपेक्षा वेगाने जातो. पक तर त्याहून कितीतरी वेगाने जाते. झ्देनो खारा या स्लोव्हाक बचावपटूने २०१२ मध्ये नॅशनल हॉकी लीगच्या (एनएचएल) कौशल्य स्पर्धेत मारलेला फटका ताशी १७५ किलोमीटरचा होता. क्रिकेटमधील सर्वात वेगवान चेंडूंपेक्षाही हा वेग जास्त आहे, आणि समोरच्याकडे बॅट नसते. तरीही अनेक दशके गोलरक्षक उघड्या चेहऱ्याने खेळत असत. मॉन्ट्रियलच्या जॅक प्लांटने नोव्हेंबर १९५९ मध्ये नाकावर पक बसल्यानंतर टाके घालून घेतले आणि मुखवटा घातल्याशिवाय परतणार नाही असे प्रशिक्षकाला बजावले. त्यानंतर मुखवटा रूढ झाला.

दर ४५ सेकंदांनी खेळाडू बाहेर का जातात?

सामना २० मिनिटांच्या तीन सत्रांचा असतो. खेळ थांबला की घड्याळही थांबते, त्यामुळे ६० मिनिटांचा सामना प्रत्यक्षात दोन-अडीच तास चालतो. पण एक खेळाडू सलग बर्फावर राहतो तो जेमतेम ४५ सेकंद ते मिनिटभर. या पाळीला ‘शिफ्ट’ म्हणतात. शिफ्टमध्ये तो सगळी ताकद लावून खेळतो, मग बाकावर जातो आणि दुसरा आत उडी घेतो. यासाठी खेळ थांबवावा लागत नाही. टीव्हीवर पहिल्यांदा सामना पाहणाऱ्याला हा गोंधळ वाटतो. प्रत्यक्षात ती प्रशिक्षकाची मुख्य चाल असते : समोरचा सर्वात धोकादायक आघाडीपटू आत आला की आपला सर्वात भरवशाचा बचावपटू आत हवा, आणि हा निर्णय काही सेकंदांत घ्यायचा असतो. बदली करताना नजर चुकली आणि एक खेळाडू जास्त झाला, तर शिक्षा होते.

सामना बरोबरीत राहिला तर जादा वेळ असतो. एनएचएलच्या साखळी सामन्यांत तो प्रत्येकी तीनच खेळाडूंचा आणि पाच मिनिटांचा असतो, मग शूटआऊट. बाद फेरीत मात्र शूटआऊट नाही. पहिला गोल होईपर्यंत २०-२० मिनिटांची सत्रे चालू राहतात, मग मध्यरात्र झाली तरी.

ऑफसाइड आणि आयसिंग म्हणजे काय?

रिंकवर मधोमध एक लाल रेषा आणि तिच्या दोन्ही बाजूंना एकेक निळी रेषा असते. निळ्या रेषांमुळे रिंकचे तीन भाग होतात. प्रतिस्पर्ध्याच्या भागात आधी पक गेली पाहिजे, नंतर खेळाडू. आक्रमक खेळाडू पकआधी निळी रेषा ओलांडून गेला तर ऑफसाइड. फुटबॉलच्या ऑफसाइडपेक्षा हा नियम समजायला सोपा आहे, कारण रेषा जागची हलत नाही.

आयसिंगचा नियम वेळकाढूपणा रोखण्यासाठी आहे. दबावाखालच्या संघाने आपल्या अर्ध्या भागातून पक थेट दुसऱ्या टोकाच्या गोलरेषेपलीकडे भिरकावली आणि वाटेत तिला कोणीच स्पर्श केला नाही, तर खेळ थांबतो आणि पुन्हा त्याच संघाच्या गोलजवळ सुरू होतो. शिवाय त्या संघाला खेळाडू बदलता येत नाहीत. दमलेल्यांनीच पुढे खेळायचे. खेळ पुन्हा सुरू होतो तो ‘फेस-ऑफ’ने : पंच पक टाकतो आणि समोरासमोर उभे दोन खेळाडू ती ओढतात.

धक्काबुक्कीला परवानगी आहे का?

आहे, पण सरसकट नाही. ज्याच्याकडे पक आहे त्याला खांद्याने वा अंगाने धडक देऊन पकपासून दूर करणे पुरुषांच्या खेळात वैध आहे. पाठीमागून ढकलणे, डोक्याला लक्ष्य करणे, स्टिकने अडकवणे किंवा पाडणे वैध नाही. महिलांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांत थेट धडकेवर अधिक कडक बंधने आहेत, म्हणून तो खेळ पास आणि स्केटिंगच्या कौशल्यावर अधिक अवलंबून असतो. खेळ शिकू पाहणाऱ्याने आधी महिलांचा सामना पाहावा असे सुचवावेसे वाटते. त्यात डाव कसा रचला जातो हे नीट दिसते.

नियम मोडणारा दोन मिनिटांसाठी वेगळ्या कक्षात जाऊन बसतो आणि त्याचा संघ तेवढा वेळ एका खेळाडूने कमी होतो. कबड्डीत गडी बाद झाल्यावर उरलेल्यांनी बाजू सांभाळायची असते, तसेच काहीसे. समोरच्या संघासाठी हा ‘पॉवर प्ले’. क्रिकेटमधील पॉवर प्लेशी त्याचा नावापुरताच संबंध. पाच जणांनी चौघांभोवती पक फिरवत फट शोधायची आणि चौघांनी गोलसमोरची जागा राखायची. या दोन मिनिटांत गोल झाला तर शिक्षा तिथेच संपते. एनएचएलमध्ये साधारण पाच पॉवर प्लेंपैकी एकात गोल होतो. गंभीर नियमभंगाला पाच मिनिटांची शिक्षा किंवा हकालपट्टी होते.

मुष्टियुद्धाच्या चित्रफिती समाजमाध्यमांवर पाहून अनेकांना हा खेळ ठाऊक झाला आहे. एनएचएलमध्ये हातघाईवर आलेल्यांना साधारणपणे पाच मिनिटे बाहेर बसवतात. ऑलिम्पिकमध्ये असे केल्यास सामन्यातूनच बाहेर जावे लागते. तिथे मारामाऱ्या क्वचित दिसतात आणि खेळाचे काही बिघडत नाही.

खेळ सुरू कुठे झाला?

गोठलेल्या तळ्यांवर काठीने काहीतरी टोलवण्याचे खेळ युरोपात आणि कॅनडात जुने आहेत. ठरलेले संघ, नियम आणि बंदिस्त जागा यांसह झालेला पहिला सामना ३ मार्च १८७५ रोजी मॉन्ट्रियलच्या व्हिक्टोरिया स्केटिंग रिंकमध्ये झाला, असे मानले जाते. जेम्स क्रेटन हे त्याचे मुख्य आयोजक होते. कॅनडाचे गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅन्ली यांनी १८९२ मध्ये दिलेला चषक आज एनएचएलचा विजेता संघ मिळवतो. एनएचएलची स्थापना १९१७ ची. ऑलिम्पिकमध्ये आइस हॉकी पहिल्यांदा खेळली गेली ती चक्क उन्हाळी स्पर्धेत, १९२० मध्ये अँटवर्पला. महिलांना ऑलिम्पिकसाठी १९९८ च्या नागानोपर्यंत थांबावे लागले.

बर्फ कारखान्यात बनतो तो कसा?

रिंकच्या तळाशी काँक्रीटचा थर असतो आणि त्यात किलोमीटरच्या किलोमीटर नळ्यांचे जाळे. शीतकरण यंत्राने थंड केलेले खारे पाणी किंवा ग्लायकॉल त्या नळ्यांतून फिरते. तत्त्व घरातल्या फ्रिजचेच. थंड झालेल्या काँक्रीटवर पाण्याचे पातळ थर एकामागून एक फवारतात. काही थर झाल्यावर पांढरा रंग आणि रेषा, त्यावर आणखी थर. एवढे करून बर्फाची जाडी होते फक्त अडीच-तीन सेंटिमीटर. जाड बर्फ थंड ठेवायला वीज जास्त लागते, म्हणून तो पातळच बरा. पृष्ठभाग शून्याखाली चार-पाच अंशांच्या आसपास राखतात. त्याहून गार झाला तर बर्फ ठिसूळ होऊन तुकडे उडतात, उबदार झाला तर पक अडखळते.

स्केटच्या पात्याला खालून उभी खाच असते आणि तिच्यामुळे दोन धारदार कडा तयार होतात. या कडा बर्फात रुतवूनच खेळाडू वळतो, थांबतो, झेपावतो. वीस मिनिटांत बर्फावर ओरखड्यांची जाळी होते. म्हणून सत्रांच्या मध्ये एक यंत्र फिरते : वरचा खरबरीत थर खरवडून काढते, धुते आणि मागे गरम पाण्याचा पातळ थर सोडत जाते. गरम पाण्याने वरचा थर किंचित वितळतो आणि नवे पाणी जुन्या बर्फाशी एकजीव होते. या यंत्राला झांबोनी म्हणतात, कारण फ्रँक झांबोनी यांनी ते १९४९ मध्ये तयार केले. कुठे? कॅलिफोर्नियात, जिथे तळी गोठत नाहीत.

कॅलिफोर्नियाची ही गोष्ट पुढे सगळीकडे घडली. अमेरिकेतील फ्लोरिडा म्हणजे समुद्रकिनारे आणि उकाडा. तिथल्या टॅम्पा बे लाइटनिंगने २०२० आणि २०२१ मध्ये, तर फ्लोरिडा पँथर्सने २०२४ आणि २०२५ मध्ये स्टॅन्ली चषक जिंकला. ज्या देशात हा खेळ जन्मला, त्या कॅनडातील एकाही संघाला १९९३ नंतर २०२५ पर्यंत तो जिंकता आलेला नाही. आशियातही मनिला, बँकॉक, क्वालालंपूर या शहरांत मॉलमधल्या रिंकवर मुले वर्षभर स्केटिंग शिकतात. भारतीय संघापुढे असतात ते अशा शहरांतले खेळाडू.

लडाखमध्ये काय स्थिती आहे?

लडाखमध्ये हा खेळ रुजवण्यात लष्कराचा, विशेषतः लडाख स्काउट्सचा मोठा वाटा आहे. हिवाळ्यात रस्ते बंद, वाहतूक बंद, हाताला काम कमी. अशा दिवसांत गोठलेले तळे हेच मैदान झाले. सुरुवातीला लष्करी बुटांच्या तळाला पाती ठोकून स्केट्स बनवल्या जात. लेहच्या कारझू तळ्यावर नंतर स्पर्धा होऊ लागल्या. भारत १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाचा सदस्य झाला, पण पुरुष संघ पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळला तो थेट २००९ मध्ये, अबू धाबीला. म्हणजे तेव्हाही वाळवंटातच.

तळे नुसते गोठून चालत नाही. वाऱ्याने लाटा उमटलेला, भेगाळलेला बर्फ खेळायला निरुपयोगी. त्यामुळे कडाक्याच्या थंडीत रात्री पाणी टाकून थर बसवायचा, तो गोठू द्यायचा, पुन्हा पाणी, पुन्हा थर. बर्फ पडला की फावडे आणि झाडू घेऊन साफ करायचा. ही कामे खेळाडूच करतात. रिंक तयार झाली की लेहच्या सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवर, विरळ हवेत सराव सुरू होतो. हंगाम साधारण डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी. थंडी लांबली की सुरुवात लांबते, दुपारी ऊन कडक पडले की बर्फ मऊ होतो आणि सराव बंद. दोन महिन्यांतले असे दहा-बारा दिवस गेले तर वर्षातला फार मोठा हिस्सा जातो. उरलेले दहा महिने काँक्रीटवर चाकांच्या स्केट्स, धावणे आणि व्यायाम.

यात मुलींची वाट आणखी बिकट होती. रिंक एक आणि खेळणारे अनेक, तेव्हा चांगली वेळ पुरुष संघांना मिळे. साहित्य बहुधा दुसऱ्यांनी वापरून दिलेले. २०१६ मध्ये महिला संघ पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी तैपेईला गेला तो लोकवर्गणीतून पैसे जमवून. तिथे सगळे सामने हरला. पुढच्याच वर्षी बँकॉकमध्ये या संघाने फिलिपिन्सला ४-३ असे हरवले, तो त्यांचा पहिला आंतरराष्ट्रीय विजय. त्याची बातमी कॅनडापर्यंत पोहोचली. चार ऑलिम्पिक सुवर्णपदके जिंकलेल्या हेली विकेनहायझर जानेवारी २०१८ मध्ये साहित्य घेऊन लडाखला आल्या आणि त्याच वर्षी भारतीय संघ त्यांच्या महोत्सवासाठी कॅलगरीला गेला. इंडो-तिबेट सीमा पोलीस दलाने महिला संघ उभा करून खेळाडूंना नोकऱ्या दिल्या, हा त्यानंतरचा सर्वात ठोस बदल. शिक्षण संपले की खेळ सोडणे अनेकींना भाग पडत होते, त्यातल्या काहींना आता पगार मिळतो आणि सरावही चालू राहतो. हिमाचलमधील स्पिती खोऱ्यातही मुलींची शिबिरे सुरू झाली आहेत.

मग अडचण उरते कुठे?

एक आंतरराष्ट्रीय मापाची बंदिस्त रिंक भारताकडे होती. २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धेसाठी डेहराडूनमध्ये ‘हिमाद्री’ रिंक बांधली गेली. स्पर्धा झाली, काही काळ ती वापरात राहिली आणि मग वीज आणि देखभालीचा खर्च न झेपल्याने वर्षानुवर्षे बंद पडून राहिली. त्या काळात राष्ट्रीय संघाला गुरुग्रामच्या मॉलमधील छोट्या रिंकवर सराव करावा लागे. पूर्ण मापाच्या रिंकवर पास किती जोरात द्यायचा याचा अंदाज अशा ठिकाणी येत नाही. ‘हिमाद्री’ २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली आणि ऑगस्टमध्ये तिथे आशियाई शॉर्ट ट्रॅक स्पीड स्केटिंग स्पर्धाही झाली. लेहमध्ये २०२४ आणि २०२५ च्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचे आइस हॉकी सामने झाले.

रिंक बांधणे हा एकदाचा खर्च असतो, तो कोणत्या तरी स्पर्धेच्या निमित्ताने मंजूर होतो. शीतकरण यंत्र मात्र प्रेक्षक असोत वा नसोत, रात्रंदिवस चालू ठेवावे लागते. परदेशातील रिंक हा खर्च हौशी स्केटिंगची तिकिटे, मुलांचे वर्ग आणि भाड्याने दिलेले तास यांतून काढतात. म्हणूनच त्या मॉलमध्ये असतात. डेहराडूनला असे ग्राहक मिळवल्याशिवाय राष्ट्रीय संघाच्या शिबिरांवर ती रिंक चालणार नाही, हे आधीच्या बंद वर्षांनी दाखवले आहे.

महाराष्ट्रात नैसर्गिक बर्फाचा प्रश्नच येत नाही. तरीही लेहच्या खेलो इंडिया स्पर्धेतील स्केटिंगमध्ये महाराष्ट्राचे खेळाडू पदके मिळवतात. चाकांच्या स्केट्सवर तयार झालेला तोल आणि वळण्याचे तंत्र बर्फावर बरेचसे उपयोगी पडते, थांबण्याचे तंत्र मात्र नव्याने शिकावे लागते. अशा खेळाडूंची आइस हॉकीला गरज आहे आणि त्यांना बर्फाची.

सध्या तरी लेहच्या खेळाडूला वसंतानंतर सराव करायचा तर परदेशी शिबिर किंवा डेहराडून एवढेच पर्याय आहेत. डेहराडून जवळचे आणि स्वस्त. पण विमानाचे तिकीट, महिनाभराचे राहणे-खाणे आणि एकट्या गोलरक्षकाच्या पंधरा-वीस किलोच्या किटचे सामानभाडे कोण भरणार, हे प्रत्येक शिबिराआधी नव्याने ठरवावे लागते.